कंपाउंड बो ट्यून करताय? रेस्टला, म्हणजे बाण टेकतो त्या आधाराला, हात लावायच्या आधी हे वाचा

2023 ला आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने 17 व्या वर्षी बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, तेव्हापासून इकडं ज्याला त्याला कंपाउंडच, म्हणजे टोकांना चाकं आणि मध्ये केबल असलेलं धनुष्यच पाहिजे. घ्या की. पण पावसाळाभर केसमध्ये पडलेला बो दसऱ्यानंतर काढायचा, थेट 50 मीटरला उभं राहायचं आणि ग्रुप फाटला, म्हणजे बाण विखुरले, की साइट (नेम धरायची खूण) फिरवत बसायचं, हे बघवत नाही. हे सगळं टार्गेटवाल्यांसाठी लिहितोय. उसात डुकरं घुसतात, बोने मारू का, असं विचारणारेही भेटतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आपल्या मनाने तसं काही करता येत नाही, विषय संपला.

आधी बो नीट बघून घ्या. स्ट्रिंग आणि केबलचे धागे फुलले असतील, सर्व्हिंग (स्ट्रिंगवर गुंडाळलेला दोरा) सरकलं असेल तर बदलून घ्या, आणि ते बो प्रेसवरच (बो दाबून धरायचं यंत्र), घरी जुगाड नको. ठीक असेल तर वॅक्स चोळा. खोबरेल तेल नाही, वॅक्स. खंडेनवमीला बोची पूजा जरूर करा, पण हळदकुंकू रायझरला, म्हणजे मधल्या मुठीच्या भागाला लावा, स्ट्रिंगला आणि कॅमला (टोकाच्या चाकांना) नको. लिंबला, म्हणजे बोच्या वाकणाऱ्या पात्याला, चीर दिसली तर बो खाली ठेवा. कार्बनचे बाण एकेक हातात घेऊन वाकवून बघा, करकर आवाज आला तर तो बाण गेला, मोह नको. आणि बाण न लावता ओढून सोडायचा नाही, मित्राला "बघ रे किती हलका आहे" म्हणून दाखवतानाही नाही.

मग अ‍ॅक्सल टू अ‍ॅक्सल (दोन्ही कॅमच्या आसांमधलं अंतर) आणि ब्रेस हाइट (ग्रिपपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर) मोजा, कंपनीने दिलेल्या आकड्याशी जुळवा. स्ट्रिंग ताणली गेली असेल तर ते इथंच कळतं. ड्रॉ वेट (स्ट्रिंग ओढायला लागणारा जोर) मोजा, स्पर्धेत 60 पाउंडच्या वर चालत नाही. ते कमी-जास्त करायला दोन्ही लिंब बोल्ट सारखेच फिरवायचे, आणि कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा जास्त सैल करायचे नाहीत.

कॅमचं टायमिंग एकट्याने बघता येत नाही. तुम्ही फुल ड्रॉला जा (स्ट्रिंग पूर्ण ओढून धरा) आणि दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा, दोन्ही कॅमचे स्टॉप एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक आधी टेकत असेल तर पुढचं काही करू नका, आधी ते केबलवरून दुरुस्त करून घ्या, कारण टायमिंग चुकलेलं असलं की कागदावर वर-खाली फाटतं आणि तुम्ही बिचाऱ्या नॉकिंग पॉइंटला (स्ट्रिंगवर बाण अडकवायची जागा) दोष देत बसता.

आता कागद, म्हणजे पेपर ट्यूनिंग: ताणलेल्या कागदातून बाण मारायचा आणि तो कसा फाटतो ते बघायचं. सगळे इथंच अडकतात आणि सगळ्यात जास्त फालतू सल्ले इथंच मिळतात.

खोक्याच्या चौकटीवर वर्तमानपत्र ताणून चिकटवा, ढिलं असेल तर फाटकं खोटं बोलतं. चौकट खांद्याच्या उंचीला, म्हणजे बाण सरळ आडवा जाईल. तुम्ही साधारण दोन मीटरवर, आणि मागचं बट (बाण रुतायचं लक्ष्य) इतकं लांब की बाण कागदातून पूर्ण बाहेर पडल्यावरच रुतेल. टोकाचं गोल भोक आणि पिसांच्या चिरा एकाच जागी आल्या की झालं. पिसं वर फाडत असतील तर नॉकिंग पॉइंट थोडा खाली घ्या किंवा रेस्ट वर करा, खाली फाडत असतील तर उलटं. आधी वर-खाली मिटवायचं, मगच डावं-उजवं.

खरी डोकेदुखी म्हणजे हे डावं-उजवं. कागद फाटला की लोक थेट अ‍ॅलन की घेतात आणि रेस्ट सरकवायला लागतात, मोबाइलवर कुठलातरी चार्ट उघडलेला असतो, एक म्हणतो डावीकडं घ्या, दुसरा म्हणतो उजवीकडं, आणि संध्याकाळपर्यंत रेस्ट कुठं होता हेच आठवत नाही. माझं ठाम मत आहे, डावं-उजवं फाटण्यात बहुतेक वेळा रेस्टचा दोष नसतो, तुमच्या हाताचा असतो. बाण वाकडा गेला एवढंच कागद दाखवतो, का गेला ते कागदाला माहीत नसतं. ग्रिप मुठीत आवळली की रायझर पिळला जातो आणि बाण तिरका सुटतो. ग्रिपचा दाब अंगठ्याच्या मुळाशी मांसल भागावर, तळहाताच्या रेषेच्या अलीकडं, बोटं मोकळी, बो पडेल अशी भीती वाटत असेल तर स्लिंग (बो हाताला अडकवायचा पट्टा) लावा, ते त्यासाठीच असतं. चेहऱ्यावर स्ट्रिंग दाबत असाल तरी हेच होतं.

ओळखायचं कसं? एकामागून एक बाण मारा. दर वेळी वेगळं फाटत असेल तर तो तुम्ही आहात, रेस्टला हात लावायचा नाही. दर वेळी तस्संच फाटतंय, आणि तुमच्याच ड्रॉ लेंथचा (स्ट्रिंग ओढायच्या अंतराचा) दुसरा चांगला आर्चर मारतोय तरी तस्संच, मग तो बो. तेव्हाही आधी पिसं रेस्टला किंवा केबलला घासतात का बघा, रेस्टवर टाल्कम पावडर टाकून एक बाण मारला की ओरखडा दिसतो. घासत नसेल तर आता रेस्ट, एक मिलिमीटरपेक्षाही कमी, आधीच्या जागेवर पेन्सिलची खूण करून. चीर कमी झाली तर त्याच दिशेने, वाढली तर उलट. चार्ट लागत नाही. कितीही सरकवलं तरी चीर हटत नसेल तर बाणाचा स्पाइन (ताठपणा) तुमच्या ड्रॉ वेटला जुळत नाही, मग बाण बदला.

नंतर 18 मीटरवर एक बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांसोबत मारून बघा, जवळ पडला तर बास. त्याहून बारीक खाज सीझन तोंडावर असताना नको.

साइटचे मार्क सगळ्यात शेवटी घ्या, 50 मीटरचा मार्क अजिंक्यताऱ्याखाली वारा पडलेला असतो तेव्हा सकाळी. सगळे आकडे मोबाइलमध्ये लिहा आणि रेस्टच्या, साइटच्या स्क्रूवर पांढऱ्या मार्करची रेघ मारा, म्हणजे प्रवासात काही सैल झालं तर लाइनवर जायच्या आधीच दिसेल.