द्वेषाचा विचार गावात रुजतोय, हे कसं ओळखायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळतो. आधी शब्द धरा, भाऊ. माणसांना किडे, झुरळं म्हणणं सुरू झालं की सावध व्हा. आफ्रिकेतल्या रवांडा देशात आरटीएलएम नावाचा रेडिओ तिथल्या तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणायचा. १९९४ मध्ये शेजाऱ्यांनीच शेजारी कापले.

मग बोलतंय कोण ते पाहा. टवाळ पोराचं बोलणं मास्तर, सरपंचाच्या तोंडी आलं की ते गावमान्य होतं. जर्मनीत नाझींना १९२८ ला २.६ टक्के मतं होती, मंदीनंतर जुलै १९३२ ला ३७. तरी बहुमत नव्हतंच! जानेवारी १९३३ मध्ये हिटलरला चॅन्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, केलं ते ‘याला आपण आवरू’ समजणाऱ्या प्रतिष्ठित पुढाऱ्यांनी. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

अशा विचाराला खऱ्या दुखण्याचं खत लागतं. कापसाचा भाव पडला आणि कोणी एखाद्या जमातीकडे बोट दाखवलं, तर तिथंच विचारा, ‘भाव त्यांनी कसा पाडला, सांग.’ व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हिडिओ दाखवला तर कुठला, कधीचा ते विचारा. चारचौघात अपमान करू नका, माणूस हट्टाला पेटतो. बाजूला घेऊन बोला. आणि ज्यांच्याबद्दल बोललं गेलं, त्यांच्या घरी त्याच दिवशी जाऊन या.