एचआयव्ही आणि लैंगिक संबंध: घाबरून किंवा गैरसमजातून होणाऱ्या या चुका टाळा

सोमवारी सकाळी मी कपाट उघडत होते, तोवर पंचविशीचा एक मुलगा दारात येऊन उभा. मोबाइल माझ्यापुढे धरत म्हणाला, "ताई, काल खाजगी लॅबमध्ये टेस्ट केली. निगेटिव्ह आलीय. सुटलो ना मी?" शनिवारी रात्री कंडोमशिवाय संबंध आला होता. समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काम करतेय, पण हा प्रश्न ऐकला की आजही पोटात गोळा येतो. कारण रिपोर्ट खरा असतो आणि त्यावरून काढलेला अर्थ साफ चुकीचा.

झटपट चाचणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे रविवारच्या त्या रिपोर्टमधून शनिवारच्या रात्रीबद्दल काहीही कळत नव्हतं. झटपट चाचणीचा निगेटिव्ह निकाल पक्का धरायचा तो 3 महिन्यांनी. विषाणूचं प्रथिनही शोधणारी प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी असेल, तर 45 दिवसांनी.

पण त्याच्या हातात अजून वेळ होता, आणि तो वेळ का असतो हे प्रत्येकाला माहीत असायलाच हवं. वीर्यातून किंवा योनिस्रावातून आलेला विषाणू लगेच रक्तात जाऊन बसत नाही. त्याला आधी आतलं नाजूक अस्तर पार करावं लागतं आणि सीडी4 पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी, गाठावी लागते. त्या पेशीवर सीडी4 नावाचं कुलूप असतं आणि बहुतेक वेळा शेजारी सीसीआर5 नावाचं दुसरं. दोन्ही उघडली तरच तो आत शिरतो. सुरुवातीला अगदी थोड्या पेशींना लागण होते. तिथून तो लसिका ग्रंथींत पोहोचतो आणि साधारण दहा-बारा दिवसांनी रक्तात सापडू लागतो. या पहिल्या टप्प्यातच औषधाने वाट अडवता येते. म्हणून संबंधानंतर 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, एआरटी केंद्रातल्या (जिथे एचआयव्हीची औषधं मिळतात) किंवा सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना गाठायचं. त्यांना गरज वाटली तर 28 दिवसांच्या गोळ्या सुरू होतात. "आधी लक्षणं दिसतात का बघू" म्हणत हे तीन दिवस घालवणं, ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक.

त्या मुलाला मी तसंच उठवून डॉक्टरांकडे नेलं.

दुसरी चूक बायकांच्या बाबतीत फार होते: संबंधानंतर आतून साबणाने, जंतुनाशकाने धुणं. योनीत राहणारे उपयोगी जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल विषाणूला त्रासदायक असतं. आतून धुतलं की ते जिवाणूही जातात, अस्तरही चुरचुरतं. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, तेवढं पुरे.

कंडोमवर खोबरेल तेल लावू नका. लॅटेक्स तेलाने काही मिनिटांतच कमकुवत होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण घ्या. एकावर एक दोन कंडोम चढवले तर घर्षणाने फाटायची भीती वाढते.

"एकदाच तर गेलो होतो" हे वाक्य मी रोज ऐकते. सरासरी पाहिली तर कंडोमशिवाय योनीसंबंधात संसर्ग असलेल्या पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याचं प्रमाण 10,000 वेळांमागे साधारण 8 आहे. गुदसंबंधात, ज्याच्या शरीरात प्रवेश होतो त्याच्यासाठी ते 138 च्या आसपास जातं. कारण गुदाशयाचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, योनीचं अनेक थरांचं. पण 8 हा आकडा वाचून निश्चिंत होऊ नका. ती सरासरी आहे, आणि सरासरी तुमच्या अंगावरचा फोड बघत नाही.

फोडाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तो लोक लपवतात. गरमी, परमा, नागीणीसारखे पाण्याचे फोड. मेडिकलमधून मलम आणायचं, जागा सुकली की विसरायचं. जखम झाली की अस्तराची भिंत तिथे तुटलेली असते, हे तर झालंच. त्याहून वाईट म्हणजे जखम भरून काढायला शरीर तिथे ज्या पेशी धाडतं, त्यात सीडी4 पेशी भरपूर असतात. विषाणूला हव्या असलेल्या पेशी आपणच दारात आणून उभ्या करतो. जननेंद्रियांच्या नागिणीत तर वरून जागा बरी दिसली, तरी या पेशी खाली कित्येक आठवडे टिकून राहतात. म्हणून फोड, पू, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं, जांघेत आलेली अवधाण, यातलं काहीही असेल तर दोघांनीही उपचार घ्या. एकानेच घेतले तर तेच दुखणं पुन्हा परत येतं.

आणि "दिसायला चांगला धडधाकट होता" यावर जाऊ नका. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, पुरळ येतं, तेही सगळ्यांना नाही. लोक त्याला व्हायरल समजतात. नेमकं तेव्हाच रक्तातल्या विषाणूंची संख्या मिलिलिटरमागे लाखांच्या घरात जाते, आणि झटपट चाचणी मात्र अजून निगेटिव्ह असू शकते. डास, एकत्र जेवण, मिठी, चुंबन यांची भीती सोडा.

शेवटची चूक उपचार घेणाऱ्यांची. नियमित गोळ्या घेणाऱ्या जोडप्याच्या हातात एक दिवस व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूंच्या संख्येचा, रिपोर्ट येतो, त्यावर लिहिलेलं असतं, विषाणू आढळला नाही. दोघांचे चेहरे फुलतात, आणि ते फुलायलाच हवेत. पुण्यासह 9 देशांतल्या 1,763 जोडप्यांवर झालेल्या एचपीटीएन 052 या अभ्यासाने 2011 मध्ये दाखवलं, की लवकर उपचार घेतल्यास जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. पुढच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं, की लोड मिलिलिटरमागे 200 च्या खाली टिकून असेल तर संबंधातून लागण होतच नाही. पण "आढळला नाही" म्हणजे "गेला" नव्हे. काही सीडी4 पेशींच्या जनुकांत तो निपचित पडून असतो आणि गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत पुन्हा रक्तात येतो. गोळ्या सुटल्या असतील, तर रागावतील म्हणून घरी बसू नका. उद्याच एआरटी केंद्रात जा. लाज वाटत असेल तर आधी 1097 या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे.