रिसर्च मेथडॉलॉजीचा पहिला प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून सांगली-मिरजेच्या कॉलेजांत बीए-बीकॉमच्या पोरांनाही फिल्ड प्रोजेक्ट लागलाय आणि दरवर्षी तेच होतंय, विषय ठरायच्या आधीच गुगल फॉर्म तयार असतो आणि फॉर्मला शंभर रिस्पॉन्स आले की रिसर्च झाला असं पोरांना वाटतं. फॉर्म ही शेवटून दुसरी-तिसरी पायरी आहे, पहिली नाही.

पहिली चूक विषयाचीच. "सांगली जिल्ह्यातील महापूर : एक अभ्यास" हे शीर्षक झालं, प्रश्न कुठाय? ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथं धोका पातळी 45 फूट आहे, तेव्हा यावर अभ्यास करण्यासारखं भरपूर आहे, पण एका सेमिस्टरमध्ये एका पोराला सगळं होत नाही. "सांगली शहराच्या गावभागातल्या किराणा दुकानदारांनी 2019 नंतर माल ठेवायची पद्धत बदलली का, आणि काय बदललं?" हा प्रश्न झाला. कोणाला विचारायचं, कुठं जायचं, काय मोजायचं, सगळं त्यातच आलं. प्रश्न एका वाक्यात लिहिता येत नसेल तर फॉर्म उघडूच नका, आधी गाईडपुढं बसा.

आता प्रश्नावली, इथं मी जरा जास्त बोलणार कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. हा प्रश्न बघा: "पुरामुळे तुमचे मोठे नुकसान झाले आणि शासनाची मदत वेळेवर मिळाली नाही, असे आपणास वाटते का? होय / नाही." एका प्रश्नात दोन गोष्टी आहेत, नुकसान झालं पण मदत वेळेत मिळाली असा माणूस काय टिक करणार? वर उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलंय. हे तोडायचं. दुकानात पाणी शिरलं होतं का? किती मालाचं नुकसान झालं (अंदाजे रुपये)? मदतीसाठी अर्ज केला होता का? पैसे मिळाले का, मिळाले तर किती महिन्यांनी? आता उत्तरं मोजता येतात. आणि भाषा दुकानदाराची ठेवा, "आपत्तीपश्चात पुनर्वसन" वाचून माणूस मान हलवतो आणि कायतरी टिक करून मोकळा होतो. फॉर्म वाटायच्या आधी पाच-सहा जणांवर ट्राय करून बघाच, याला पायलट म्हणतात, पोरं हे हमखास गाळतात. कुठल्या प्रश्नाला माणूस अडखळतो ते समोर बसल्यावरच दिसतं.

सॅम्पलचं पण तसंच. फॉर्म कॉलेजच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकायचा आणि निष्कर्षात "सांगलीतील नागरिकांचे मत" लिहायचं, हे चालत नाही. 1936 ला अमेरिकेत लिटररी डायजेस्ट मासिकानं निवडणुकीचा अंदाज काढायला जवळपास 1 कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीसेक लाखांच्या वर परत आल्या, अध्यक्षपदाचे उमेदवार लँडन जिंकणार म्हणून छापलं आणि त्यांच्याविरुद्धचे रूझवेल्ट तेव्हाच्या 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि गाड्या असलेल्यांच्या याद्यांमधून घेतले होते, त्यात मतपत्रिका परत पाठवणारेही ठराविकच. म्हणजे आकडा मोठा असून उपयोग नाही, कोण निवडलं ते महत्त्वाचं. सॅम्पल किती घ्यायचं ते काढायचा यामानेचा फॉर्म्युला लावून 10,000 कुटुंबांसाठी 385 सॅम्पल काढणारे खूप आहेत, पण तो आकडा तेव्हाच कामाचा जेव्हा ती 385 कुटुंबं यादीतून रँडम निवडलेली असतात. तुमच्याकडं 40 ओळखीचीच दुकानं असतील तर तसं सरळ लिहा, सोयीनुसार निवडलेला नमुना आहे, पूर्ण शहराबद्दल बोलत नाही. याचे मार्क जात नाहीत, लपवलं तर तोंडी परीक्षेत जातात.

मुलाखतीला जाताना वेळ बघा. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना अडत्याला किंवा हमालाला प्रश्न विचारले तर तो दोन शब्दांत वाटेला लावणारच, त्यात त्याची काय चूक? सौदे उरकल्यावर जा, आयकार्ड दाखवा, नाव छापणार नाही हे आधी सांगा, रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. आणि नाव छापणार नाही म्हटलं की खरंच छापायचं नाही, फोटोखाली पण नाही.

एआयकडून संदर्भ घेऊन तसेच चिकटवू नका, नसलेले पेपर पण तो बिनधास्त देतो. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, मराठी प्रबंध शोधगंगा या वेबसाईटवर फुकट वाचायला मिळतात.

एक्सेलमध्ये मूळ फाईल वेगळी सेव्ह करा आणि काम कॉपीवर करा. उत्तर दिलं नसेल तर सेल मोकळा ठेवा, 0 टाकलं की सरासरी खाली येते. ज्या दुकानदारांनी विमा काढलाय त्यांचं नुकसान कमी दिसलं म्हणून "विम्यामुळे नुकसान कमी झाले" असं लिहू नका, विमा काढणाऱ्यांची दुकानं कदाचित मुळातच उंचावर असतील.

आणि सगळा डेटा गोळा झाल्यावर कळलं की मूळ प्रश्नाचं उत्तर यातून निघतच नाही, तर? आकडे वाकवू नका. आहे त्या डेटातून कुठल्या लहान प्रश्नाचं उत्तर नक्की मिळतंय ते बघा, गाईडला सांगून शीर्षक बदलून घ्या आणि बदल का केला ते पद्धतीच्या प्रकरणात चार ओळींत लिहा.