केबिन शेवटी मागवा: रानातल्या जागेवर छोटं घर ठेवायची तयारी

ही यादी जरा उलटी आहे. बहुतेक जण आधी केबिनचे फोटो बघतात, रंग ठरवतात, खिडकी इकडे की तिकडे यावर घरात दोन आठवडे वाद घालतात, ॲडव्हान्स भरतात आणि मग जागेकडे वळतात. मीही तेच केलं. केबिन फॅक्टरीत दीड महिन्यात तयार झाली आणि मग चार महिने तिथेच धूळ खात पडली, कारण इकडे ना पाया झाला होता ना रस्ता, आणि शेवटी फॅक्टरीवाला जागा अडवल्याचं भाडं मागायला लागला, त्यात त्याचंही काही चुकलं नव्हतं म्हणा. म्हणून केबिन या यादीत बरीच खाली आहे.

पहिलं काम कागदांचं, आणि ते कंटाळवाणं असलं तरी पहिलंच करा. मोजणी करून घ्या आणि हद्दीच्या खुणा दगड पुरून पक्क्या करा, शेजारी उभा असताना करा म्हणजे नंतर बोलणं नको. जमिनीवर राहायचं घर चालतं का, हद्दीपासून, रस्त्यापासून, ओढ्यापासून किती अंतर सोडायचं, हे जिथून परवानगी मिळते त्या ऑफिसात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. विकणारा सांगणारच की "अहो हे तात्पुरतं आहे, उचलून नेता येतं, याला परवानगी कुठे लागते", त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, नोटीस तुमच्या नावाने येणार आहे, त्याच्या नाही. आणि जागेपर्यंतची वाट दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर वहिवाटीचा हक्क कागदावर असू द्या. आज मालकाशी चहापाणी आहे, उद्या त्याचा मुलगा मालक होईल.

मग एकदा धो धो पावसात जागेवर जाऊन उभं राहा, छत्री घेऊन, तासभर. उन्हाळ्यात सगळ्या जागा छान दिसतात. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठल्या बाजूने वाहून जातं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय केबिनची जागा ठरवू नका. ओढा जवळ असेल तर झाडांच्या बुंध्यांवर अडकलेला काडीकचरा बघा, पाणी किती वर चढतं ते तो बरोबर सांगतो.

आता रस्ता. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. २० फुटी कंटेनर (जहाजावरचा लोखंडी डबा, त्याच्याही केबिन करतात) म्हणजे बाहेरून ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि २.५९ मीटर उंच, त्यातला उंच प्रकार २.९० मीटरचा. केबिन कंटेनरची नसून पॅनलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा थर भरलेल्या तयार भिंतींची, असली तरी मापं साधारण याच घरात असतात, कारण ती ट्रेलरवर मावायला हवी. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून मीटर-सव्वा मीटर वर धरला तर एकूण उंची चार मीटरच्या आसपास गेली. म्हणजे वाटेतल्या विजेच्या तारा, टेलिफोनच्या वायरी, वाकलेल्या फांद्या हे सगळं आधी बघावं लागतं. (तारेची उंची बांबू लावून वगैरे अजिबात मोजू नका, वीजवाल्यांना विचारा.) रुंदीचं फारसं काही नसतं, वळणाचं असतं. ट्रेलरचं तोंड वळतं पण मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात, आणि नेमका तिथेच बांध नाहीतर विहिरीचा कठडा असतो. माझ्याकडे शेवटचा ट्रेलर एका वळणावर मागची चाकं चरात घालून अडीच तास उभा होता, शेवटी ट्रॅक्टर आणून ओढला. ते वळण मी रोज मोटरसायकलवरून जायचो, मला ते वळण आहे हेच कधी जाणवलं नव्हतं! त्यामुळे ट्रेलरच्या ड्रायव्हरलाच आधी एकदा रस्ता दाखवा, त्याला त्याचे पैसे द्या, तो पाच मिनिटांत सांगतो काय होईल आणि काय नाही. ओढ्यावरची छोटी मोरी असेल तर तिच्यावरून किती वजन जातं तेही विचारा.

क्रेनचं गणित वेगळंच आहे. "२० टनाची क्रेन पाठवतो" असं म्हटलं की आपल्याला वाटतं आपली पाच टनाची केबिन म्हणजे खेळणं. पण तो २० टनाचा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, अगदी जवळ असतानाचा, क्रेन लांब उभी राहून दहा-बारा मीटरवर माल ठेवायला लागली की तीच क्रेन थोडेच टन पेलते. म्हणून क्रेनवाल्याला तीन आकडे द्यायचे, केबिनचं तयार वजन, क्रेन उभी राहील तिथून पायाच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि मध्ये उंच काय आहे ते. वजन बनवणाऱ्याकडून लेखी घ्या, अंदाजे नको. रिकामा २० फुटी कंटेनरच सव्वादोन टनाच्या आसपास भरतो, त्यात पॅनल, फरशी, बाथरूम आलं की वजन सहज दुप्पट. आणि क्रेनचे पाय जिथे टेकणार ती जमीन टणक हवी, ताजा भराव नको आणि खाली सेप्टिक टँक तर नकोच नको. हे हसण्यावारी नेऊ नका, घाईत टँक आधी बांधून घेणारे आणि मग क्रेनला जागा न उरलेले लोक मी पाहिलेत.

पायाआधी खड्डा खणून माती बघा. मुरूम किंवा खडक लागला तर नशीब. काळी चिकण माती असेल तर ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते, दरवर्षी, आणि तिच्यावर उथळ ठेवलेले ब्लॉक प्रत्येक पावसाळ्यात वेगवेगळे वरखाली होतात, मग दारं अडकायला लागतात. तिथे खाली पक्का थर लागेपर्यंत जायचं आणि कसं जायचं ते इंजिनिअरला ठरवू द्यायचं. हलक्या केबिनला अख्खा स्लॅब लागतोच असं नाही, काँक्रीटचे सहा-आठ खांब पुरतात, पण ते कुठे यायला हवेत हे केबिनच्या खालच्या फ्रेमच्या ड्रॉइंगवरून ठरतं, गवंड्याच्या नजरेने नाही. आखणी झाली की दोन्ही कर्ण मोजा. ६ बाय ३ मीटरचा चौकोन असेल तर कर्ण ६.७०८ मीटर आला पाहिजे आणि दोन्हीकडून तोच आला पाहिजे. चारही बाजू बरोबर आणि कर्णात तीन सेंटिमीटरचा फरक, म्हणजे चौकोन तिरका झालाय. उंची साध्या पारदर्शक नळीत पाणी भरून बघा, ती खोटं बोलत नाही, फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका. काँक्रीटला सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण हिशोब २८ दिवसांचा, तेव्हा काँक्रीट टाकल्यावर तिसऱ्या दिवशी क्रेन बोलावू नका. केबिन पायाला जखडणारे अँकर बोल्ट आत्ताच बसवून घ्या, केबिन हलकी असते, वादळात वारा तिला खालून उचलायला बघतो. पाणी, सांडपाणी, वीज यांचे पाईप जायला जागा आत्ताच सोडा. आणि केबिनखाली माणूस सरपटत जाऊ शकेल एवढी, दीड-दोन फूट तरी, पोकळी ठेवा आणि तिला चहूबाजूंनी जाळी लावा, नाहीतर उंदीर राहायला येतात आणि त्यांच्या मागे साप.

सांडपाण्याची परीक्षा स्वस्तात होते. सांडपाणी मातीत जिरवणाऱ्या शोषखड्ड्याच्या जागी छोटा खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाण्याने भरून मातीला पिऊ द्या, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि पट्टी लावून पाणी किती मिनिटांत किती उतरतं ते लिहून ठेवा. तासभरात काहीच उतरलं नाही तर तिथे शोषखड्डा चालणार नाही, आणि झरझर उतरलं तरी खूश होऊ नका, घाण तेवढ्याच वेगाने विहिरीकडे जाऊ शकते. विहीर किंवा बोअरपासून किमान १५ मीटर, बऱ्याच ठिकाणी नियम ३० मीटरचा आहे, आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला. टँक उपसायला गाडी जवळ येऊ शकेल हेही बघा.

पाण्याची टाकी छपरावर ठेवली म्हणजे दाब मिळतो असं नाही, १० मीटर उंचीला कुठे १ बार (बार हे दाबाचं माप) होतो, तीन मीटरवरून ०.३ बार, त्यावर बरेचसे गॅस गीझर पेटतच नाहीत. मग छोटा प्रेशर पंप आला. छपराचं पाणी साठवायचं असेल तर हिशोब सोपा, एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर.

विजेचा खांब लांब असेल तर लाईन ओढायचा खर्च आणि किती दिवस लागतील ते आधी विचारा. सोलरवर जाणार असाल तर उपकरणांची यादी करून रोजची युनिटं काढा, आणि पंप सुरू होताना चालण्याच्या कितीतरी पट करंट ओढतो, तो झटका इन्व्हर्टरला झेपला पाहिजे. बाकी सोलरवाला सांगतो.

आता केबिन. पॅनलच्या आत काय भरलंय हे विचारा, जाडी नंतर. सारख्याच जाडीत पफ (पॉलियुरेथेनचा फोम) थर्माकोलपेक्षा साधारण दीडपट चांगली उष्णता अडवतो, पण दोन्ही जळतात. रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) जळत नाही पण भिजलं की निरुपयोगी. स्वयंपाकाच्या बाजूची भिंत तरी रॉकवूलची घ्यावी असं माझं मत. पत्र्याच्या केबिनमध्ये थंडीत आतल्या बाजूने दव धरतं, त्यामुळे आतून वाफ अडवणारा थर आणि समोरासमोर दोन खिडक्या हव्यातच. सहा मीटरचा लोखंडी अँगल ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिलिमीटर लांब-आखूड होतो, म्हणून सांध्यातलं सीलंट दर दोनेक वर्षांनी बघावं लागणार हे धरूनच चाला. कोटेशनमध्ये काय नाही ते विचारा. वाहतूक, क्रेन, पाया, पायऱ्या, बाहेरचं प्लंबिंग, अर्थिंग, हे बहुतेक वेळा नसतंच.

केबिन येईल त्या दिवशी जाड प्लेटा आणि पाचरी हाताशी ठेवा. केबिन टेकली की दोरखंड सुटायच्या आधी आत जा, प्रत्येक दार आणि प्रत्येक खिडकी उघडून बंद करून बघा, संडासाचंसुद्धा. एखादं घासत असेल तर फ्रेमला पीळ बसलाय, तो कोपरा उचलून खाली प्लेट सरकवायची, आणि हे क्रेन तिथे आहे तोवर दहा मिनिटांचं काम असतं. क्रेनवाला खालून हॉर्न वाजवत असेल, वाजवू द्या.