गावात हयातीच्या दाखल्याचा कॅम्प कसा लावावा

लष्करी पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेवर गेल्यापासून हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो. निवृत्त हवालदार-सुभेदार स्वतःचं उरकतात. अडतं ते त्यांच्या माघारी एकट्या राहिलेल्या आज्यांचं. गावच्या माजी सैनिक संघटनेनं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्यासाठी कॅम्प लावावा. ऐंशी पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्यांना आधी मोकळं करा.

आठ दिवस आधी घरोघरी निरोप द्या: आधार कार्ड, पासबुक, स्पर्शचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश, त्यावर नंबर असतो) आणि चालू मोबाइल. नंबर मुलाचा असेल आणि मुलगा मुंबईला, तर त्याला सकाळीच फोन करून ठेवा. ओटीपी थोड्याच वेळात बाद होतो.

दोन अँड्रॉइड फोन पुरतात. दोन्हींवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही अ‍ॅप्स आदल्या रात्री टाका आणि फोन हाताळणाऱ्या ऑपरेटरनं आधी स्वतःचा चेहरा नोंदवून ठेवावा. शेतात राबलेल्या हाताचा अंगठा मशीनवर सहसा उमटत नाही, त्यामुळे चेहऱ्याचाच पर्याय बरा. आजींना व्हरांड्यात बसवा, उजेड तोंडावर पडू द्या, पाठीमागून नको. चष्मा काढायला, पदर कपाळावरून मागे घ्यायला सांगा. डोळ्यांची उघडझाप झाल्याशिवाय फोटो घेतला जात नाही, हे त्यांना आधीच सांगा. नाहीतर त्या फोटो स्टुडिओत बसल्यासारख्या टक लावून बसतात.

खरी गफलत फॉर्ममध्ये होते. पेन्शनचा प्रकार ‘फॅमिली’ निवडा. आधार आजींचंच, नवऱ्याचं नव्हे. पेन्शन देणारं कार्यालय म्हणून ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ घ्या. पासबुक समोर असतं म्हणून सवयीनं बँक निवडली जाते; दाखला तयार होतो, पण भलतीकडे जातो आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबली की चूक कळते. पीपीओचा नंबरही स्पर्शच्या आधीचा, जुना घालू नका. पुनर्विवाहाच्या प्रश्नावर ‘नाही’ दाबलंय ना, हे दुसऱ्या माणसानं वाचून बघावं.

प्रमाण आयडीचा, म्हणजे तयार झालेल्या दाखल्याच्या नंबरचा मेसेज आला म्हणजे काम झालं असं धरू नका. आयडी वहीत नावासमोर लिहा आणि काही दिवसांनी स्पर्शवर दाखला मंजूर झाला का ते बघा.

आधारवर ‘सुभद्राबाई’ आणि पीपीओत ‘सुभद्रा’ असेल तर दाखला अडकू शकतो. अशी नावं वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी काढा. नवऱ्याच्या डिस्चार्ज बुकची (सैन्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पुस्तिकेची) झेरॉक्स घेऊन संघटनेच्या एका माणसानं ती सगळी प्रकरणं एकदमच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात न्यावीत. प्रत्येक आजीला एसटीनं वेगळं धाडण्यात अर्थ नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांकडे संध्याकाळी फोन घेऊन जा. खोलीत अंधार असेल तर दारापर्यंत खाट ओढायला दोन माणसं सोबत न्या.