पाली शिकताय? या चुका टाळा

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. तेव्हापासून ‘पाली शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?’ असं विचारणारे बरेच भेटतात. पाली ही तिपिटकाची, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या मूळ संचाची भाषा. मराठी माणसाला ती जड जात नाही. उलट ती फार लवकर कळल्यासारखी वाटते, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो.

ओळखीचा शब्द, भलताच अर्थ

पालीतल्या ‘वेदना’ दुखत नाहीत. सुखद, दुःखद आणि दोन्ही नाही अशी, म्हणजे कोणतीही अनुभूती ही पालीत वेदनाच. ‘सुखा वेदना’ हा प्रयोग वाचून मराठी वाचक बुचकळ्यात पडतो किंवा त्यात काही गूढ शोधू लागतो. गूढ काही नाही, शब्द जुन्या अर्थाने आलाय इतकंच. ‘विञ्ञाण’चं, म्हणजे जाणिवेचं, तर त्याहून वाईट होतं. संस्कृत छाया म्हणून अनुवादक ‘विज्ञान’ लिहितो, वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते आणि पाच स्कंधांच्या (माणूस ज्या घटकांचा बनलेला मानतात त्यांच्या) यादीत ही कुठून आली हे त्याला कळत नाही. ‘पमाद’ म्हणजे हातून घडलेली चूक नव्हे, गाफीलपणा. बुद्धाच्या अखेरच्या उपदेशातलं ‘अप्पमादेन सम्पादेथ’ हे ‘चुका करू नका’ असं वाचलं, तर त्यातला सगळा जोर निघून जातो.

सगळ्यात चिवट सवय एका अक्षराची आहे: ‘च’. मराठीत ‘च’ जोर देतो. पालीत तो ‘आणि’, कधी ‘पण’, आणि ज्या शब्दाला जोडायचं त्याच्या मागून येतो. जोरासाठी पालीत ‘एव’ आहे. आता धम्मपदातली पाचवी गाथा घ्या:

न हि वेरेन वेरानि, सम्मन्तीध कुदाचनं।
अवेरेन च सम्मन्ति, एस धम्मो सनन्तनो॥

म्हणजे: वैराने वैरं कधीच शमत नाहीत, अवैराने शमतात; हा सनातन धर्म आहे. इथे ‘अवैरानेच शमतात’ असा मराठी अर्थ लावला तरी वाक्य चालून जातं. चालून जातं म्हणून सवय पक्की होते आणि पुढच्या पन्नास ठिकाणी आपटी खायला लावते. यावर माझा उपाय अगदी शाळकरी आहे: सुरुवातीचे काही महिने प्रत्येक ‘च’खाली रेघ मारा आणि तो कोणत्या दोन गोष्टी जोडतोय ते पानाच्या कडेला लिहा.

‘अ’ दिसला की नकार समजणे

‘अवेर’, ‘अप्पमाद’ यांतला ‘अ’ नकाराचा आहे. पण ‘अगमासि’ म्हणजे ‘गेला नाही’ नव्हे, ‘गेला’. ‘अकासि’ म्हणजे ‘केलं’, ‘अवोच’ म्हणजे ‘म्हणाला’. हा भूतकाळाचा ‘अ’ आहे. पालीच्या गद्यात गोष्ट सांगायला मुख्यतः हाच भूतकाळ लागतो. व्याकरणकार त्याला ‘अज्जतनी’ म्हणतात. शब्द क्रियापद आहे की नाम, हे आधी ठरवा. क्रियापद असेल तर हा ‘अ’ बहुधा काळाचा असतो, आणि नकारासाठी वेगळा ‘न’ शोधावा लागतो.

व्याकरणाच्या जुन्या परिभाषेतही एक खड्डा आहे. कच्चायनाच्या व्याकरणात ‘पञ्चमी’ आणि ‘सत्तमी’ ही नावं विभक्तींना आहेत तशीच क्रियापदांच्या रूपांनाही आहेत: पञ्चमी म्हणजे आज्ञार्थ, सत्तमी म्हणजे विध्यर्थ. क्रियापदासमोर ‘सत्तमी’ लिहिलेलं पाहून सप्तमी विभक्तीचा अर्थ (अधिकरण) शोधत बसू नका.

तक्ते पाठ करत राहणे

आठ विभक्तींचे तक्ते घोकण्यात पहिलं वर्ष जातं आणि सुत्त (बुद्धाचा उपदेश) वाचायला घेतलं की पहिल्या ओळीलाच गाडी अडते. तक्ते हवेतच, पण दुसऱ्या आठवड्यापासून एखादं खरं वाक्य सोबत असू द्या. निकायांमध्ये, म्हणजे सुत्तांच्या संग्रहांमध्ये, शेकडो वेळा येणारं हे वाक्य पाहा:

येन भगवा तेनुपसङ्कमि; उपसङ्कमित्वा भगवन्तं अभिवादेत्वा एकमन्तं निसीदि।

‘येन… तेन’ ही तृतीया पाहून विद्यार्थी ‘ज्याने… त्याने’ असं लावतो. इथे अर्थ ‘जिथे भगवान होते तिथे’ असा आहे. ‘तेनुपसङ्कमि’ची फोड तेन + उपसङ्कमि: ‘जवळ गेला’. पुढे ‘उपसङ्कमित्वा’ म्हणजे जवळ जाऊन, ‘अभिवादेत्वा’ म्हणजे वंदन करून, ‘एकमन्तं निसीदि’ म्हणजे एका बाजूला बसला. ‘जाऊन, करून, बसून’ अशी ऊनकारान्त माळ मराठीत आपण दिवसभर ओवत असतो, त्यामुळे ‘-त्वा’ची माळ आपल्याला इंग्रजी भाषकापेक्षा सहज कळते. मराठीची मदत घ्यायची ती अशा ठिकाणी. ‘एवं मे सुतं’ हेही तसंच. इथला ‘मे’ म्हणजे ‘मया’, जुन्या मराठीतलं ‘म्यां’. ‘असं म्यां ऐकिलें’ म्हटलं की वाक्याची घडण जशीच्या तशी हाती येते.

शब्द कोशात सापडत नाही

शब्द बहुतेक वेळा असतो, आपण भलतीकडे शोधत असतो. पाली टेक्स्ट सोसायटीचा कोश (१९२१–१९२५) रोमन लिपीत असला तरी त्याचा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे: आधी स्वर, मग क, ख, ग. इंग्रजी कोशासारखी पानं उलटलीत तर हाती काही लागणार नाही. क्रियापद वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनात शोधा: ‘उपसङ्कमि’ नव्हे, ‘उपसङ्कमति’. एवढं करूनही अडलं, तर संधी फोडायची राहिली आहे असं समजा. डिजिटल पाली डिक्शनरीत चालवलेली रूपंही सापडतात, पण पहिल्या दिवसापासून तिचीच काठी धरली तर पाय तयार होत नाहीत.

संगणकावर वेगळीच अडचण येते. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या सहाव्या संगायनाचा (तिपिटक तपासून पठण करणाऱ्या भिक्खूंच्या परिषदेचा) पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत उपलब्ध केला. त्यात ‘संघ’ शोधलात तर तुमची निराशा होईल, कारण तिथे ‘सङ्घ’ आहे. तसंच पंच नव्हे पञ्च, संबुद्ध नव्हे सम्बुद्ध. मराठीच्या सवयीने अनुस्वार टंकायचा आणि ‘तिपिटकात हा शब्दच नाही’ असा निष्कर्ष काढायचा, हे प्रबंधातसुद्धा घडू शकतं. शोधण्यापूर्वी अनुस्वाराच्या जागी पुढच्या व्यंजनाच्या वर्गातलं अनुनासिक घाला.

वंदनेतले उच्चार

पालीत श आणि ष नाहीत. ‘बुद्धं शरणं’ नव्हे, ‘सरणं’. पंचशीलातल्या पहिल्या शीलात ‘पानातिपाता’ नव्हे, ‘पाणातिपाता’. मोडायचे नाहीत ते प्राण, पानं नव्हेत. पाचव्यात ‘पमादट्ठाना’मधला ट्ठ नीट म्हणा, तो घाईत हमखास एकेरी होतो. ‘ळ’ मात्र पालीत आहे, सोळस आणि कीळति आपल्याला शिकवावे लागत नाहीत.

लिपी म्हणजे भाषा समजणे

धम्मलिपीच्या (अशोककालीन ब्राह्मीच्या) कार्यशाळा आता गावोगावी होतात, चांगलंच आहे. पण अशोकाची लिपी वाचता येणं म्हणजे पाली येणं नव्हे. अशोकाचे लेख आणि कार्ले, नाशिक, कान्हेरी इथल्या लेण्यांतले बहुतेक जुने लेख प्राकृतात आहेत. पालीशी त्यांचं नातं जवळचं आहे, एवढंच. पालीला स्वतःची अशी लिपीच नाही. सिंहली, बर्मी, थाई, ख्मेर, रोमन, देवनागरी अशा अनेक लिप्यांत ती लिहिली गेली. धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पालीसाठी श्रीलंकेत आणि ब्रह्मदेशात गेले. आता भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंद्याहून निघालेले देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड आहेत. देवनागरी वाचणाऱ्याने दुसऱ्या लिपीपायी सुरुवात लांबवू नये.

धम्मपदापासून सुरुवात

हे अनेकांना पटणार नाही. ४२३ गाथांचा छोटा, गोड ग्रंथ, मग हरकत काय? हरकत पद्याची आहे. वृत्तासाठी शब्दक्रम उलटतो, जुनी रूपं येतात, आणि अर्थ कधीकधी अट्ठकथेशिवाय (नंतरच्या पाली टीकेशिवाय) लागतच नाही. गाथा २९४ म्हणते, आईवडिलांना आणि दोन क्षत्रिय राजांना मारून ब्राह्मण निर्दुःख होतो! अट्ठकथा सांगते की इथे आई म्हणजे तण्हा (तृष्णा), वडील म्हणजे ‘मी आहे’ हा अहंकार, आणि दोन राजे म्हणजे शाश्वतवाद (आत्मा कायम टिकतो हे मत) आणि उच्छेदवाद (मृत्यूने सगळं संपतं हे मत). त्यापेक्षा आधी निकायांतलं गद्य घ्या. कंटाळवाणी वाटणारी पुनरुक्ती नवशिक्याला फुकटचा सराव देते. मध्येच ‘पे’ दिसला तर तो शब्द नव्हे; ‘पेय्याल’चा संक्षेप आहे, मागचा मजकूर पुन्हा म्हणायचा आहे.

अट्ठकथा वाचा, पण ती मूळ म्हणून सांगू नका. किसा गोतमीची मोहरीची गोष्ट आपण सांगतो त्या विस्तृत रूपात अट्ठकथेतली आहे. अंगुलिमालाची मज्झिम निकायातली. जातकांतही गाथा मूळ आणि गद्य कथा अट्ठकथेची. व्याख्यानात हा फरक चालून गेला तरी शोधनिबंधात चालत नाही.

फलकावरची वचनं

‘अत्त दीप भव’ (स्वतःच दिवा हो) कमानींवर, पत्रिकांवर, टी-शर्टवर असतं. या रूपात ते तिपिटकात नाही. महापरिनिब्बान सुत्तात ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा’ असं आहे, आणि अट्ठकथा तिथला ‘दीप’ महासमुद्रातलं बेट असा घेते. एकवचनीच हवं असेल तर धम्मपदात ‘सो करोहि दीपमत्तनो’ आहे, गाथा २३६. असं कोणतंही वचन हाती आलं की निकाय, सुत्ताचा क्रमांक आणि आवृत्ती या तीन गोष्टी मिळेपर्यंत ते लेखात घालू नका. नुसता पृष्ठांक देऊन भागत नाही, नालंद्याची आणि पाली टेक्स्ट सोसायटीची पानं एकमेकांशी जुळत नाहीत.