सशामागे सुटलेल्या कारवानी कुत्र्याला परत कसे बोलवावे

मक्याची काढणी झाली की नाशिकच्या आसपासची शिवारे मोकळी होतात, धसकटांतून ससा उठतो आणि मळ्यात राखणीला ठेवलेला कारवानी कुत्रा पाहता पाहता बांधापलीकडे दिसेनासा होतो. मालक मागून घसा फोडून हाका मारत राहतो. मीही सुरुवातीला तेच केले, आणि त्यातून एवढेच साधले की आपले नाव म्हणजे पळताना मागून येणारा एक आवाज, अशी माझ्या चंदीची पक्की समजूत झाली.

कारवानी आणि त्याचा झुपकेदार कानांचा भाऊबंद पश्मी हे नजरेवर धावणारे कुत्रे आहेत. सावज दिसते तोवर ते धावतात आणि ऐन धावेत कानावर पडलेले त्यांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून हाक लागू पडण्याचे क्षण दोनच असतात: कुत्रा सुटण्यापूर्वीचा आणि सावज नजरेआड झाल्यानंतरचा. मधल्या वेळात गप्प राहावे, कारण न ऐकलेली प्रत्येक हाक पुढच्या हाकेची किंमत कमी करते.

सर्वप्रथम जुनी हाक सोडून द्यावी. ‘यू यू’ ही हाक शेजारीपाजारीही मारतात, शिवाय ती लांबवर पोहोचत नाही. त्याऐवजी शिट्टी घ्यावी आणि तिचे तीन आखूड फुंकर, एवढीच खूण ठरवावी. पहिला आठवडाभर घरातच, कुत्रा दोन हातांच्या अंतरावर उभा असताना शिट्टी वाजवून लगेच उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा द्यावा. दिवसातून दहा-पंधरा वेळा पुरे. ही कलेजी एरवी त्याला कधीच मिळता कामा नये. शिट्टी वाजताच मान गर्रकन वळू लागली की मग अंगणात आणि त्यानंतर शेतात जावे. घरातल्या मुलांनी गंमत म्हणून कुत्र्याला ‘छू’ करून मांजरावर सोडणे मात्र त्याच दिवसापासून बंद करावे.

शेतात जाताना तीस-पस्तीस फुटांचा दोर लागतो. बैलाचा जुना कासरा जोडून घेतला तरी चालतो, परंतु तो गळपट्ट्याला न बांधता छातीपट्ट्याला बांधावा, कारण भरधाव सुटलेल्या कुत्र्याला मानेवर हिसका बसला तर गंभीर इजा होऊ शकते. दोर हाताला गुंडाळू नये, आणि हातमोजे घालावेत. माझ्या तळव्याची साल एकदा निघाली आहे.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची असून बहुतेक जण तीच गाळतात. कारवान्याला ऐन वेळी कलेजीपेक्षा पाठलाग प्यारा असतो, तेव्हा बक्षीस म्हणून पाठलागच द्यायला हवा. पाच-सहा फुटी बांबूच्या टोकाला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून ती जमिनीवरून झपाझप ओढावी. कुत्रा मागे लागला की चिंधी एकदम मेल्यासारखी पडू द्यावी आणि त्याच क्षणी शिट्टी वाजवावी. कुत्रा घुटमळेल, चिंधीकडे पाहील, तुमच्याकडे पाहील. तिथे दोर न ओढता थांबावे. तो आपल्याकडे आला की गळपट्टा धरून कलेजी द्यावी आणि लगेच चिंधी पुन्हा पळवावी. परत येण्याने खेळ संपत नाही, उलट तिथूनच तो पुन्हा सुरू होतो, हे त्याला उमगायला माझ्या अनुभवाने तीन आठवडे लागतात. पुढे चिंधी हलत असतानाच शिट्टी वाजवण्याचा सराव करावा.

प्रत्यक्ष शिवारात लक्ष कुत्र्यावर ठेवावे, सशावर नाही. सावज दिसताच त्याचे कान उभे होतात, पुढचा एक पाय अधांतरी राहतो, शेपटीची हालचाल थांबते आणि क्षणभर श्वासही रोखलेला असतो. शिट्टी याच क्षणी वाजायला हवी. एवढ्यानेही तो वळला, तर कलेजी सढळ हाताने द्यावी.

तरीही तो सुटलाच, तर त्याच्यामागे धावू नये; तुम्हीही पाठलागात सामील झालात, असेच त्याला वाटते. आहे तिथेच उभे राहून पाहावे. ससा गवतात शिरला की कुत्रा थबकतो आणि मान उंच करून इकडेतिकडे पाहतो. आता शिट्टी वाजवावी, हात हलवावेत आणि उलट दिशेला पळत सुटावे. तो बराच वेळ परतला नाही, तर तो सुटला त्याच जागी आपला अंगातला सदरा आणि पाणी ठेवून कोणीतरी थांबावे, कारण पुष्कळ कुत्रे तिथेच परत येतात. आल्यावर कितीही राग आला तरी त्याला मारू नये, कारण तो मार त्याच्या लेखी परत येण्याबद्दलचा असतो. विजेचा झटका देणारे पट्टे मी वापरत नाही, कारण झटका बसताना समोर शेजाऱ्याची शेळी असेल, तर कुत्रा धसका शेळीचाही घेऊ शकतो.

जागा निवडताना कठडा नसलेल्या विहिरी आणि द्राक्षबागेच्या ताणाच्या तारा आधी पाहून घ्याव्यात. भरधाव कुत्र्याला ती तार दिसत नाही, आणि चंदीच्या खांद्यावरचा वण तिचाच आहे. निफाड-सिन्नरकडे उसात बिबट्याचा वावर असल्याने तिथे पहाटे व तिन्हीसांजेला कुत्रा मोकळा सोडू नये. येवल्याजवळ ममदापूरचे काळवीट आणि नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी यांच्या परिसरात तर त्याला नेऊच नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत वन्यप्राण्याचा पाठलाग करणे आणि त्याला हुसकावणे हेही येते, त्यामुळे ‘नुसता पळवला, मारला नाही’ ही सबब चालत नाही.

चिंधीच्या खेळात दहापैकी नऊ वेळा कुत्रा पहिल्या शिट्टीला वळू लागला आणि हे सलग दोन आठवडे टिकले, की दोर दर चार दिवसांनी हातभर कापत जावा, म्हणजे दोर कधी सुटला हे कुत्र्याला कळत नाही. गवताळ माळावर मात्र मी चंदीच्या पट्ट्याला आजही चार हातांचा तुकडा राहू देतो.